तुम्ही विचारलंत म्हणून: कुठल्याच पक्षात नसताना मी तिच्यासाठी का फिरले

2024 ची विधानसभा होऊन गेली तरी हा प्रश्न मला अजून येतो, जिन्यात, लग्नात, परवा तर बँकेच्या लायनीत. की बाई तुम्ही कुठल्या पक्षाच्या नाही, तुम्हाला कोणी पैसे दिले नाहीत, मग ऑफिसला सुट्ट्या टाकून त्या अपक्ष उमेदवारासाठी दारोदार का फिरलात, ती येणार नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं ना. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मी मुंबईत गिरणगावात राहते, सेसवाल्या बिल्डिंगमध्ये, म्हणजे जिच्या दुरुस्तीसाठी सरकार सेस नावाचा कर घेतं. 1940 च्या आधीची, पागडीची, गॅलरीला टेकू लावलेले. 1969 ला दुरुस्ती मंडळ सुरू झालं तेव्हा शहरात अशा साडेएकोणीस हजारांच्या वर इमारती होत्या, आज तेरा-चौदा हजार उरल्यात. आमची बिल्डिंग कधी बांधणार, मालकाने हातच लावला नाही तर काय, बांधकाम चालू असताना आम्ही राहायचं कुठे, हे सगळं विधानभवनात ठरतं हो. म्हाडाचा कायदा राज्याचा, भाडे नियंत्रण कायदा राज्याचा, झोपडपट्टीचा कायदाही राज्याचाच. म्हाडा कायद्यातल्या 79-अ कलमाचंच बघा. इमारत धोकादायक ठरली की मालकाला प्रस्ताव द्यायला सहा महिने, त्याने नाही दिला तर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने, तेही नाही जमलं तर म्हाडा ताब्यात घेऊन बांधणार. हे विधिमंडळात 2020 ला मंजूर झालं आणि राष्ट्रपतींची सही व्हायला डिसेंबर 2022 उजाडलं. मधल्या दोन वर्षांत ज्यांच्या डोक्यावर स्लॅबचे तुकडे पडत होते त्यांच्यासाठी आवाज कोण उठवणार, आमदारच ना? आणि आमच्याकडे आमदार निधीतून बाकडी आणि पेव्हर ब्लॉक येतात, त्याचे बोर्ड लागतात, बस.

ताई (आम्ही सगळे ताईच म्हणतो) आमच्याच गल्लीत वाढलेली. दुरुस्ती मंडळाच्या ऑफिसात वर्षानुवर्षं लोकांच्या फायली घेऊन जाणारी. आमच्या बिल्डिंगची मीटिंग होती तेव्हा बिल्डरचा माणूस कराराचा ड्राफ्ट घेऊन आला होता, सगळ्यांच्या नजरा कार्पेट एरियाच्या आकड्यावर. ताईने सतरंजीवर बसून अख्खा करार मोठ्याने वाचला आणि बांधकाम होईपर्यंत बिल्डर आम्हाला बाहेर राहायला जे भाडं देणार त्याच्या कलमाला थांबली. पहिल्या बारा महिन्यांचं भाडं लिहिलं होतं, तेराव्या महिन्यापासून काय याचं वाक्यच नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "पुढचं कुठेय?" तो माणूस म्हणाला ते नंतर बघू. आमच्या समोरच्या बिल्डिंगवाल्यांचं भाडं असंच बंद झालंय, ते कुठे कुठे पांगलेत आम्हाला माहितीय, त्यामुळे त्या दिवशी कोणी सही केली नाही. मला त्या मीटिंगमध्येच वाटलं की ही बाई सभागृहात पाहिजे, बिलाचा मसुदा येईल तेव्हा तो असाच वाचणारं कोणीतरी तिथे पाहिजे.

मग ती उभी राहिली. अपक्षाला दहा सूचक लागतात, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारे त्याच मतदारसंघातले मतदार, मान्यताप्राप्त पक्षवाल्याला एक पुरतो. डिपॉझिट दहा हजार. अर्ज दिवाळीच्या तोंडावर भरले आणि माघारीची मुदत संपली 4 नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. चिन्ह त्यानंतर मिळतं आणि प्रचार 18 च्या संध्याकाळी बंद. म्हणजे नवं कोरं चिन्ह घराघरात पोचवायला दोन आठवडे. खर्चाची मर्यादा 40 लाख आहे, आमची वर्गणी त्याच्या आसपासही फिरकली नाही, पत्रकं आम्हीच रात्री बसून घड्या घालून वाटली. मजले चढताना पाय भरून यायचे पण दारं उघडायची, चहा व्हायचा, आणि लोक आधी स्वतःच्या बिल्डिंगचंच बोलायचे, कोणाची नोटीस, कोणाचं छत.

मतदानाच्या दिवशी मी बूथवर पोलिंग एजंट होते. सात वाजता मतदान म्हणून साडेपाचला मॉक पोल, कमीत कमी पन्नास मतं टाकून, मोजून, मशीन क्लियर करून दाखवतात, ते डोळ्यासमोर होतं. दिवसभर यादीवर खुणा करत बसायचं आणि शेवटी 17-सी ची, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्या हिशेबाच्या फॉर्मची, कॉपी हातात घेऊनच उठायचं, ताईने दहा वेळा बजावलं होतं. दुपारी प्रतीक्षा नगरच्या ट्रान्झिट कॅम्पातून, म्हणजे बिल्डिंग रिकामी केल्यावर तात्पुरतं राहायला देतात तिथून, एक आजी-आजोबा आले, त्यांची नावं अजून इथल्याच यादीत, बस बदलून आले होते. आजोबांचं बोट शाई लावताना थरथरत होतं तर आजींनी त्यांचा हात धरून ठेवला. राज्यात 66 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, मुंबई शहर जिल्ह्यात 52 च्या आसपास, आणि ही दोघं मात्र आली होती. मला आजही त्यांचा फार अभिमान वाटतो.

ताई हरली. एक षष्ठांश मतंही नाही पडली, डिपॉझिट गेलं. तेव्हापासून लोक म्हणतात मतं वाया घालवलीत. मला नाही पटत. प्रचाराच्या दुसऱ्या आठवड्यात एका मोठ्या पक्षाच्या पत्रकात ट्रान्झिटच्या भाड्याची ओळ आली, पहिल्या पत्रकात ती नव्हती, माझ्याकडे दोन्ही आहेत. आता आम्ही निवडून आलेल्या आमदारांकडेच जातो, त्या ओळीची आठवण करून देतो, सोबत ताईने लिहिलेला लक्षवेधीचा, म्हणजे सभागृहात सरकारचं लक्ष वेधायच्या सूचनेचा, मसुदा असतो. ते बसवून घेतात, ऐकतात. सभागृहात मांडतील तेव्हा खरं.

आणि ती परत उभी राहिली तर फिरणार का, हेही विचारता. फिरणार. यावेळी यादीचं काम आत्तापासून चालू केलंय, कोणाची नावं कटलीत ते मजल्यामजल्याने बघतोय, आणि अठरा पूर्ण झालेल्या पोरांचे यादीत नाव घालायचे फॉर्म 6 भरून घेतोय. नाव घालायला आता वर्षात चार तारखा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची एक. तुमच्या घरात कोणी असेल तर आधारची झेरॉक्स आणि एक फोटो घेऊन रविवारी संध्याकाळी आमच्या बिल्डिंगखाली पाठवा.