काढलेला व्हायरस परत येतो तेव्हा: पेनड्राइव्ह, रन की आणि ‘डी’ ड्राइव्ह

पेनड्राइव्ह उघडल्यावर फोल्डर सगळे जागेवर दिसतात, पण प्रत्येकाच्या चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण आलेला असतो. प्रॉपर्टीजमध्ये आकार एक-दोन केबी. हा शॉर्टकट व्हायरस. स्कॅन केला की जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होतो. सोलापुरात पेनड्राइव्ह फार फिरतो. गणवेशावरच्या लोगोचं डिझाइन एम्ब्रॉयडरी मशीनला त्यातूनच जातं, पोरांचे फॉर्म नवी पेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडे त्यातूनच जातात, आणि रात्री तोच पेनड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला लागतो.

नुसता कॉम्प्युटर मंद झाला म्हणून मात्र व्हायरस समजू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, आणि पूर्व भागात ज्या घरात खाली माग आणि वर कॉम्प्युटर आहे तिथे सुताचे बारीक तंतू प्रोसेसरच्या पंख्यात गच्च बसतात. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. आधी कॅबिनेट उघडून ब्रशने पंखा साफ करा. बाणवाले फोल्डर दिसत असतील तरच पुढचं सगळं करायचं.

विंडोज ७ पासून पेनड्राइव्ह नुसता लावला म्हणून त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालू होत नाही. म्हणून या व्हायरसला तुमची डबल क्लिक लागते. तो तुमचे खरे फोल्डर ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा दोन्ही खुणा लावून लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक केली की तुमचा फोल्डरही उघडतो, त्यामुळे शंका येत नाही. पण मागे विंडोजचाच डब्ल्यूस्क्रिप्ट (wscript.exe) नावाचा प्रोग्रॅम व्हायरसची स्क्रिप्ट, म्हणजे हुकुमांची छोटी फाइल, चालवतो. ती स्क्रिप्ट ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरात स्वतःची नक्कल ठेवते, कॉम्प्युटर सुरू होताना चालणाऱ्या यादीत नाव घालते, आणि पुढे जो पेनड्राइव्ह लागेल त्याच्यावर जाऊन बसते.

परत येण्याचं कारण यातच आहे. फाइल उडवली पण मेमरीत स्क्रिप्ट चालूच आहे, तर ती नवी फाइल लिहिते. स्क्रिप्ट बंद केली पण यादीतलं नाव राहिलं, तर पुढच्या वेळी सुरू करताना पुन्हा तेच. दोन्ही केलं आणि कपाटातला एक पेनड्राइव्ह विसरला, तरी तेच. एका खाटेचे ढेकूण मारून भागत नाही, घरातल्या सगळ्या खाटा त्याच दिवशी बाहेर काढाव्या लागतात. म्हणून घरातले सगळे पेनड्राइव्ह, मेमरी कार्डं आणि बाहेरची हार्ड डिस्क आधी एका जागी जमवा. इंटरनेट बंद करा.

आता क्रम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘डिटेल्स’मध्ये जा. वरच्या रकान्यांवर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘कमांड लाइन’ हा रकाना चालू करा. हे बरेच जण करत नाहीत, आणि तिथेच अडतात. डब्ल्यूस्क्रिप्टच्या ओळीत कोणत्या फोल्डरातली कोणती फाइल चालू आहे ते त्या रकान्यात पूर्ण पत्त्यासह दिसतं. पत्ता कागदावर लिहून घ्या, मग ‘एंड टास्क’. डब्ल्यूस्क्रिप्ट स्वतः मात्र उडवायचा नाही, तो विंडोजचा आहे.

मग सुरू होतानाच्या जागा तपासा. मायक्रोसॉफ्टचा ऑटोरन्स हा मोफत प्रोग्रॅम त्या सगळ्या एका ठिकाणी दाखवतो; तो दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. रजिस्ट्रीतली (म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतली) रन की, स्टार्टअप फोल्डर आणि टास्क शेड्युलर या तिन्हींत लिहून घेतलेल्या फाइलचं नाव शोधा आणि त्या नोंदी काढा. टास्क शेड्युलर विसरू नका. दर काही मिनिटांनी स्क्रिप्ट पुन्हा उठवणारं काम तिथे लपलेलं असू शकतं. नोंदी गेल्यावरच मूळ फाइल उडवायची.

यानंतर विंडोज सिक्युरिटीत जाऊन ‘एक्स्क्लूजन्स’ बघा, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर जे तपासत नाही त्याची यादी. चोरीचं सॉफ्टवेअर टाकताना ‘अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगितलेलं असतं, आणि त्यातला क्रॅक (लायसन्सचं कुलूप तोडणारा प्रोग्रॅम) कधी कधी डिफेंडरच्या या यादीत आख्खा सी ड्राइव्ह घालून ठेवतो. मग डिफेंडर तिकडे बघतच नाही आणि स्कॅन स्वच्छ येतो. अनोळखी नोंदी काढा, इंटरनेट जोडून डिफेंडर अपडेट करा आणि ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊन विंडोज उठण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. लाइट जाण्याची वेळ टाळा. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

कॉम्प्युटर स्वच्छ झाला की एकेक पेनड्राइव्ह लावा, पण डबल क्लिक करू नका. आधी स्कॅन. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये, पेनड्राइव्हचं अक्षर ई आहे असं धरून, इंग्रजीत टाइप करा (पहिला शब्द attrib): अ‍ॅट्रिब, स्पेस, वजा एच, स्पेस, वजा आर, स्पेस, वजा एस, स्पेस, ई कोलन बॅकस्लॅश तारा डॉट तारा, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी. लपलेले फोल्डर परत दिसतात. अक्षर दोनदा तपासा. सी ड्राइव्हवर ही कमांड चालवायची नाही. एखादा बिननावाचा फोल्डर दिसला तर घाईने उडवू नका, काही व्हायरस सगळ्या फायली अशाच फोल्डरात हलवतात. तुमची डिझाइनं आणि फोटो कॉपी करून घ्या, शॉर्टकट आणि स्क्रिप्टच्या फायली सोडा, आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

‘सरळ फॉरमॅट मारा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. चुकीचा नाही, पण आपल्याकडे फॉरमॅट फक्त सी ड्राइव्हचा होतो. ‘डी’मध्ये ‘सॉफ्टवेअर’ नावाचा फोल्डर तसाच राहतो, त्यात मराठी फाँटचा आणि कोरलड्रॉचा क्रॅक असतो, आणि नवं विंडोज बसल्यावर पहिलं काम तोच क्रॅक टाकण्याचं होतं. व्हायरस आला तिथूनच असेल तर सगळी मेहनत वाया. मराठी टायपिंगची सोय विंडोजमध्येच आहे, त्यासाठी क्रॅक लागत नाही. विंडोज नव्याने टाकायचंच असेल तर स्वच्छ कॉम्प्युटरवर किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून टाका, आणि ‘डी’ आधी पूर्ण स्कॅन करा. फायलींची नावं बदलून शेवटी वेगळंच एक्सटेन्शन लागलं असेल आणि पैशाची मागणी करणारी चिठ्ठी असेल, तर तो रॅन्समवेअर. तिथे फॉरमॅट करू नका, लॉक झालेल्या फायली आधी बाजूला ठेवा. २०१६ पासून चालू असलेल्या ‘नो मोर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही प्रकारांसाठी मोफत उपाय आहे.

पासवर्ड बदलायचे ते मोबाइलवरून, आणि कॉम्प्युटर साफ झाल्यावरच. ईमेलचा सर्वांत आधी, मग बँकेचा. प्रत्येक खात्यात ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा, कारण ब्राउझरमधलं चालू लॉगिन चोरीला गेलं असेल तर नुसता पासवर्ड बदलणं पुरत नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.