अण्णांच्या बोटांवरचा जांभळा डाग

माझे वडील, अण्णा, मदुराईहून गावी यायचे ते दिवाळीच्या आधी दोन दिवस, नाहीतर जत्रेला. एसटीतून उतरले की भावंडं त्यांची पिशवी बघायची आणि मी बोटं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं जांभळी असायची, जांभळं खाल्ल्यावर जीभ होते तशी. आई शिकेकाई, लिंबू, चुलीतली राख, सगळं लावून बघायची. डाग हलायचा नाही. मग आपोआप फिका होत होत पंधरा दिवसांत कातडीबरोबर निघून जायचा. तो गेला की अण्णांची परत जायची वेळ झालेली असायची. त्यामुळं मला तो डाग जाऊच नये असं वाटायचं.

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या आसपासच्या कुठल्याही गावात विचारा, घरटी एकजण तरी गलाईत सापडेल. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोडीत आलेल्या दागिन्यातलं तांबं, चांदी काढून सोनं शुद्ध करून द्यायचं, ती गलाई. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यात पाऊस पडायचा नाही, म्हणून माणसं सोनं गाळायला देशभर पांगली. अण्णा १९७२ च्या दुष्काळात मदुराईला गेले, सतराव्या वर्षी. तमिळमध्ये ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ, त्यामुळं अख्खा बाजार माझ्या बापाला अण्णाच म्हणायचा आणि मला लहानपणी त्याचा रागही यायचा. मी १९९४ ला त्यांच्या हाताखाली गेलो, बावीस वर्षं राहिलो, २०१६ ला परत आलो. तोवर आमच्याकडं टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं होतं. आता दीड एकर डाळिंब आहे. दुकान पुतण्या बघतो.

तर ते जांभळं.

सोनं विरघळवायला तीन भाग मिठाचं तेजाब (हायड्रोक्लोरिक आम्ल) आणि एक भाग शोऱ्याचं (नायट्रिक आम्ल). एकेकट्यानं दोघंही सोन्याला हात लावत नाहीत, एकत्र आली की खाऊन टाकतात. तपकिरी धूर निघतो. चांदी तळाला दह्यासारखी बसते, सोनं केशरी पाणी होऊन वर राहतं. ते गाळून घ्यायचं आणि त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवा क्षार, सोडायचा. बघता बघता खाली गाळ बसतो, ओल्या चहाच्या पुडीसारखा. पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही की हेच सोनं. धुऊन, वाळवून, टाकणखार घालून मुशीत ठेवलं आणि भट्टी १०६४ अंशाच्या वर गेली की मग ते ओळखीचं पिवळं वितळतं. लगड, म्हणजे सोन्याची कांडी, पडते.

वर उरलेलं पाणी मात्र लगेच ओतायचं नसतं. कागदावर त्याचा एक थेंब घ्यायचा, त्यावर स्टॅनस क्लोराइडचा, म्हणजे कथलाच्या क्षाराचा, एक थेंब. कागद जांभळा झाला तर पाण्यात अजून सोनं आहे. एकोणिसाव्या वर्षी, एका संध्याकाळी सिनेमाची घाई होती म्हणून मी तो थेंब न बघता घमेलं मोरीत रिकामं केलं. लगड पाच ग्रॅमनं कमी भरली. अण्णांनी हात उगारला नाही. घमेल्याच्या कडेला जे दोन थेंब चिकटले होते ते कागदावर टिपले, स्टॅनस टाकलं आणि कागद माझ्यापुढं धरला. गडद जांभळा. “हे बघ तुझं सोनं,” म्हणाले. पुढचे चार महिने माझा पगार निम्मा होता.

ते जांभळं का होतं हे ना त्यांनी मला सांगितलं, ना मी विचारलं. होतं म्हणून होतं.

मुलगी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करते. मागच्या वर्षी तिला सोडायला गेलो तेव्हा म्हणाली, “पप्पा, थांबा, तुमच्या धंद्यातलंच दाखवते.” चंबूत शंभर मिली पाणी, त्यात सोन्याचा क्षार, इतका कमी की रंग जेमतेम पिवळसर. मी विचारलं, सोनं किती? म्हणाली, पाच मिलिग्रॅम. मला हसू आलं, एवढं तर आमच्या ब्रशला चिकटतं. पाणी उकळलं तसं तिनं त्यात सोडियम सायट्रेट ओतलं. आधी पिवळा उडाला, साधं पाणी दिसायला लागलं. मग काळसर निळं झालं, दौतीत बुडवलेला टाक पाण्यात धुवावा तसं. आणि मग काही मिनिटांत अख्खा चंबू लाल. भगव्या डाळिंबाचा सोललेला दाणा उन्हात धरावा, तसा आरपार लाल.

मी चंबू दिव्यासमोर धरून उभा राहिलो. गाळ नाही, काही नाही. पाच मिलिग्रॅम सोन्यानं अर्ध्या पेल्याएवढं पाणी रंगवलं होतं.

मग तिनं त्यातलं थोडं वेगळ्या नळीत घेतलं आणि मिठाचं पाणी टाकलं. लाल जाऊन जांभळं, जांभळं जाऊन निळं. तेव्हा माझ्या डोक्यात घंटा वाजली.

तिनं सांगितलं ते माझ्या भाषेत असं. सोनं पिवळं दिसतं ते आपण मोठा तुकडा बघतो म्हणून. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक नॅनोमीटर. सोन्याचे कण वीसेक नॅनोमीटरचे झाले की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन उजेडाबरोबर एका तालात हलायला लागतात आणि उजेडातला हिरवा भाग गिळतात. आपल्यापर्यंत पोचतो तो लाल. कण लांब लांब असतील तर लाल, एकमेकांना चिकटायला लागले की जांभळा, निळा. स्टॅनस टाकल्यावर कागदावर होतं ते हेच. अण्णांच्या बोटांवर होतं तेही हेच: सोन्याचं पाणी कातडीला लागायचं, कातडीच त्याचं परत सोनं करायची, आणि तेवढं बारीक सोनं जांभळं दिसायचं. म्हणजे आई पंधरा दिवस लिंबू लावून घासत होती ते सोनंच.

हे जांभळं जुनं आहे. १६८५ मध्ये आंद्रेआस कासियस या जर्मन वैद्यानं त्याबद्दल लिहिलं, त्याच्याच नावानं ते ओळखलं जातं, काचेला लाल रंग द्यायला वापरायचे. १८५७ मध्ये मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञानं सोन्याचं लाल पाणी करून सांगितलं की रंग सोन्याच्या बारीकपणामुळं आहे. त्यानं बनवलेलं पाणी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून बाटलीत आहे म्हणे. आणि रिशार्ड झिगमोंडीला १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या जांभळ्याच्या अभ्यासाचाही वाटा होता.

उपयोग काय, हा माझा पहिला प्रश्न. धंदेवाईक माणूस. मुलीनं उलट विचारलं, कोरोनात किटवर लाल रेघ बघितली होती ना? बहुतेक किटांत ती रेघ सोन्याच्या कणांची असते, गरोदरपणाच्या पट्टीवरही तीच. आमच्या शाळेत शिबिर झालं तेव्हा पोतंभर किट मागच्या खड्ड्यात जाळलेले मी स्वतः बघितलेत. झारेकऱ्यांच्या, म्हणजे सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन सोनं शोधणाऱ्यांच्या, पोटी जन्मलेला कुणी असता तर हळहळला असता. (एका किटात सोनं इतकं कमी असतं की राखेतून काही निघालं नसतं, पण सवय जात नाही.)

दुसरी गोष्ट मला जास्त पटली. एक ग्रॅम सोन्याचा चौकोनी ठोकळा केला तर तो हरभऱ्याच्या डाळीपेक्षा लहान, चारी बाजू, वर, खाली मिळून एक चौरस सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. त्याच ग्रॅमचे वीस नॅनोमीटरचे कण केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग पंधरा चौरस मीटर, म्हणजे दहा बाय सोळाची खोली. मी कागदावर करून बघितलं, बरोबर येतं. आणि पृष्ठभाग वाढला की स्वभाव बदलतो. जे सोनं कशाशी बोलत नाही म्हणून आपण गळ्यात घालतो, तेच बारीक झाल्यावर विषारी कार्बन मोनॉक्साइडला शून्याच्या खालच्या थंडीतसुद्धा निरुपद्रवी करतं. हे हारुता नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं १९८७ मध्ये दाखवलं. २०२४ मध्ये तर स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठात एकाच अणूच्या जाडीचा सोन्याचा पत्रा सोडवून काढला, त्याला ‘गोल्डीन’ म्हणतात. आजूबाजूचा थर खरवडायला त्यांनी जपानी लोहारकामातलं शंभर वर्षांहून जुनं रसायन वापरलं. आमचा वर्ख त्यापुढं गोधडी. हिशेबानं ग्रॅमभर सोन्यात पावणेदोन-दोन गुंठे झाकले जातील, पण सध्या निघतात ते तुकडे डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत.

खरी झोप उडवली ती झ्युरिकच्या बातमीनं. तिथल्या ईटीएच संस्थेत राफाएले मेझेंगा यांच्या गटानं चीज केल्यावर उरणारं पाणी घेतलं, आपल्याकडं चक्का टांगल्यावर खाली भांड्यात पडतं तसलं. त्यातली प्रथिनं आम्लात तापवून त्यांचे नॅनो जाडीचे धागे केले, धाग्यांचा स्पंज वाळवला, आणि कॉम्प्युटरचे वीस जुने मदरबोर्ड तेजाबात विरघळवून त्या पाण्यात तो स्पंज सोडला. पाण्यात तांबं, लोखंड, काय काय असतं, पण स्पंज मुख्यतः सोनं धरून बसला. मग स्पंज तापवला, सोन्याचे कण आले, ते वितळवून ४५० मिलिग्रॅमची गोळी. ९१ टक्के सोनं, बाकी तांबं. मी वाचता वाचता ओरडलोच, ९१ टंच! दुधाच्या पाण्यानं पहिल्या झटक्यात हॉलमार्कच्या ९१६, म्हणजे ९१.६ टक्क्यांच्या, जवळ आणून ठेवलं.

गलाईवाल्याला यातलं महत्त्व चटकन कळेल. हिराकसही सोनंच पाडतो, पण पाण्यात सोनं भरपूर असेल तेव्हा. बोर्डाच्या पाण्यात तांबं ढीगभर आणि सोनं नावाला. असलं सोनं पडलं तरी तरंगत राहतं, गाळणीतून जातं, बसतच नाही.

ते म्हणतात, कच्चा माल आणि वीज धरून जो खर्च आला त्याच्या पन्नास पट किमतीचं सोनं मिळालं. इथं मात्र मी पेन खाली ठेवलं. ४५० मिलिग्रॅम म्हणजे पावणेचार गुंजा. दहा ग्रॅमच्या तोळ्याला साडेचारशेच्या आसपास बोर्ड लागतील. ते गोळा कोण करणार, पार्ट कोण उचकटणार? आणि मुख्य म्हणजे स्पंजचं काम सुरू होतं ते तेजाबाचं झाल्यावर. तपकिरी धूर तसाच. अण्णा गेले तेव्हा साठीचेही नव्हते. शेवटची दोन वर्षं जिना चढताना मध्ये तीनदा बसायचे, डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो लाइटवर लावला आणि आम्हाला धंदा विचारला. दुकानात धुराला पंखा होता. पंखा लावला की भट्टी निवते म्हणून तो बंद असायचा, हे आम्ही डॉक्टरांना सांगितलं नाही. धूर न होता सोनं विरघळवणारं काही निघालं तर मी त्या माणसाच्या पाया पडायला झ्युरिकला जाईन. चक्क्याचं पाणी नंतर बघू. ते आमच्या घरी तसंही कढीत जातं.

मुलीनं दिलेली लाल पाण्याची छोटी बाटली मी अण्णांच्या जुन्या तराजूशेजारी ठेवली आहे. बायकोनं विचारलं, काय ते? सोनं म्हटलं. किती? अर्ध्या गुंजेच्या दहाव्या भागाएवढंही नाही. तिनं फडक्यानं फळी पुसली आणि बाटली होती तिथंच ठेवली.

परवा रात्री पुतण्याचा मदुराईहून फोन. काका, पाण्यातलं सोनं संपलं असं वाटतंय, कागद पांढराच राहतोय, पण लगड तीन ग्रॅम कमी आहे. मी विचारलं, स्टॅनस कधीचं? म्हणाला, गेल्या पावसाळ्यातलं. ते हवेनं मरतं, मग सोनं असलं तरी रंग देत नाही. म्हटलं, सकाळी नवीन आण. आणि तोवर घमेलं मोरीजवळसुद्धा नेऊ नको.