एजीएम आणि भलतेच विषय

सप्टेंबर आला की सोसायट्यांमध्ये एजीएमचा (वार्षिक सर्वसाधारण सभेचा) सीझन, कारण मार्च एंडनंतर सहा महिन्यांत म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत ती घ्यावीच लागते. नोटीस १४ दिवस आधी येते, अजेंडा त्यातच असतो, पण वाचतो कोण! सेक्रेटरी ऑडिट रिपोर्टवर बोलायला लागले की मागून कुणीतरी ओरडतं, आधी त्या कुत्र्यांचं काय ते सांगा, मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गळतीवर येतात, तिथून गाडी पार्किंगवर, आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला पैसा) राहतो बाजूलाच.

मला विचाराल तर लोकांना गप्प बसवून काही होत नाही, उलट जास्त चिडतात. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' असतोच ना, तिथे त्यांच्यासमोर वहीत नाव आणि विषय लिहून घ्यायचा, बरेचसे तेवढ्यावरच शांत होतात (काकू नाही होत, पण ते जाऊ दे). फक्त मेजर रिपेअर वगैरे मोठ्या खर्चाचे ठराव त्यात घुसवू नका, जे आलेच नाहीत त्यांना नोटिशीत काही कळलेलं नसतं आणि मग तक्रार थेट सहकारी संस्थांच्या रजिस्ट्रारकडे जाते.