रेडिंगमध्ये मतं कशावर पडतात

इंग्लंडात आलेल्या भारतीयांची नावं मतदार यादीत जातात ती लोकशाहीच्या प्रेमापोटी नाही. यादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअर सुधारतो, आणि स्कोअर बरा असला की मोबाइलच्या कॉन्ट्रॅक्टपासून घराच्या कर्जापर्यंत सगळं सोपं जातं. ऑफिसात आधी आलेला कुणीतरी हे पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवतो. मग फॉर्म भरताना कळतं की साध्या वर्क व्हिसावर, भारतीय पासपोर्टवर, इथे मतही देता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे ना, म्हणून. नगरसेवकच नाही, खासदारसुद्धा निवडता येतो. इथे वीस वर्षं राहिलेल्या जर्मन माणसाला खासदाराच्या निवडणुकीत मत नाही, आणि काल हीथ्रोवर उतरलेल्या आपल्याला आहे. साम्राज्याचे हिशेब असेही फिटतात.

मी रेडिंगला राहते. पॅडिंग्टनहून जलद गाडीनं अर्ध्या तासाच्या आत येणारं, थेम्सकाठचं, आयटी कंपन्यांचं गाव. गाव म्हणायचं कारण, कितीदा अर्ज केले तरी याला अजून 'सिटी'चा दर्जा मिळालेला नाही. काउन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, 16 वॉर्ड आणि 48 नगरसेवक. प्रत्येक वॉर्डातल्या तिघांपैकी एकेकाची निवडणूक दर मे महिन्यात, गुरुवारी, आणि चौथ्या वर्षी सुट्टी. पुणे-मुंबईच्या वाचकांना हे वाचून हसू येईल; तिकडे 2022 मध्ये मुदत संपल्यावर थेट जानेवारी 2026 पर्यंत नगरसेवकच नव्हते.

निवडणूक आली हे कळतं ते दारातल्या पत्रपेटीतून. भोंगे नाहीत, फ्लेक्स नाहीत. पत्रकावर उमेदवार रस्त्यातल्या खड्ड्याशेजारी उकिडवा बसून त्याच्याकडे बोट दाखवतोय, चेहऱ्यावर सुतकी भाव. पक्ष कुठलाही असो, हा फोटो हवाच. सोबत एक स्तंभालेख, 'इथे फक्त आम्हीच जिंकू शकतो' असं सांगणारा. त्यातल्या स्तंभांच्या उंचीचा आकड्यांशी संबंध असतोच असं नाही. मग एखाद्या संध्याकाळी कुकरची दुसरी शिट्टी होत असताना बेल वाजते. दारात रेनकोट घातलेला, हातात यादी घेतलेला माणूस. तो आश्वासन देत नाही, विचारतो: या भागात काही त्रास आहे का?

या प्रश्नाला लोक काय उत्तर देतात, यात मला भलताच रस आहे.

पहिलं उत्तर कचरा. 2021 मध्ये इथे उरलंसुरलं अन्न वेगळं उचलायला सुरुवात झाली आणि त्याच वेळी उरलेल्या कचऱ्याचा राखाडी डबा लहान झाला. राखाडी एका आठवड्याला, रिसायकलिंगचा लाल डबा दुसऱ्या आठवड्याला, अन्नाचा छोटा डबा दर आठवड्याला. आमच्या गल्लीत कचऱ्याच्या आदल्या रात्री सगळे पडद्याआडून बघत असतात, समोरच्यानं कुठला डबा बाहेर काढलाय ते. एकानं चुकून लाल काढला की अख्खी गल्ली लाल काढते. त्यात काच. कितीतरी वर्षं काचेच्या बाटल्या घरून नेतच नसत. त्या पिशवीत भरून बॉटल बँकेपर्यंत, म्हणजे काच टाकायच्या सार्वजनिक डब्यापर्यंत, चालत जायचं. नाताळानंतर रस्त्यानं जाणाऱ्या पिशव्यांच्या खणखणाटावरून कोणाकडे किती पाहुणे येऊन गेले ते कळायचं. हे हास्यास्पद वाटतं खरं, पण बर्मिंगहॅममध्ये मार्च 2025 मध्ये सफाई कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला, 17,000 टन कचरा रस्त्यावर साचला, उंदीर फिरू लागले आणि महापालिकेला आणीबाणीची परिस्थिती जाहीर करावी लागली. डब्यांवरून मत देणाऱ्याला मी तेव्हापासून हसत नाही.

दुसरं उत्तर पूल. हा खास रेडिंगचा विषय. नदीच्या उत्तरेचं कॅव्हरशॅम 1911 मध्ये ऑक्सफर्डशायरमधून रेडिंगात आलं. गाड्यांसाठी दोन पूल: रेडिंग ब्रिज 1923 चा, कॅव्हरशॅम ब्रिज 1926 चा. आजही तेच दोन. 2015 मध्ये एक देखणा नवा पूल झाला, पण तो चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा. सकाळी साडेआठला कॅव्हरशॅमहून स्टेशनकडे यायचं तर गाडीत बसून पोळीभाजी खाऊन होते. पूर्वेला तिसरा पूल बांधा, ही मागणी आमच्या शेजारच्या आजींच्या तरुणपणापासूनची आहे. बहुतेक उमेदवार तिला पाठिंबा देतात. अडचण अशी की पुलाचं दक्षिणेचं टोक नदीच्या अलीकडे आलं तरी उत्तरेचं टोक साउथ ऑक्सफर्डशायरमध्ये उतरतं, आणि तिथल्या खेड्यांना आपल्या अरुंद रस्त्यांवर रेडिंगची गर्दी नको आहे. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यात चूक काही नाही. पण पूल नको म्हणणारा मतदार पलीकडच्या काउन्सिलचा, हवा म्हणणारा इकडचा, आणि पैसा लंडनच्या सरकारचा. तेव्हा रेडिंगच्या नगरसेवकानं पुलाचं वचन देणं म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात मांडव घालायचं आमंत्रण देणं.

हद्दींचा घोळ पूर्वेकडेही आहे. अर्ली आणि वुडली ही उपनगरं रेडिंगला चिकटलेली, तिथल्या लोकांचा बाजार रेडिंगचा, सिनेमा रेडिंगचा, पत्त्यातही रेडिंग. पण काउन्सिल वोकिंगहॅम. माझी एक मैत्रीण तिकडे राहते. रेडिंगच्या रस्त्यांवर माझ्यापेक्षा जास्त चिडते आणि मत मात्र तिला तिकडच्या काउन्सिललाच द्यावं लागतं.

तिसरं उत्तर हॉस्पिटल. रॉयल बर्कशायर हॉस्पिटल 1839 पासूनचं, इमारती थकलेल्या. नवं बांधायचं ठरलं होतं. जानेवारी 2025 मध्ये सरकारनं सांगितलं की बांधकाम 2037 ते 2039 च्या दरम्यान सुरू होईल. संपेल नव्हे, सुरू होईल! लोकांचा संताप अगदी रास्त आहे, आणि तो दारात आलेल्या उमेदवारावर निघतो. पण एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, केंद्राची. नगरसेवकाच्या हातात फार तर निषेधाचा ठराव. बेकायदा स्थलांतर, गाझा, पंतप्रधान कोण असावा, हे विषयही असेच मे महिन्यात गल्लीत उतरतात. 1 मे 2025 ला स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्षानं इंग्लंडभर 600 च्या वर जागा घेतल्या, त्या काही खड्ड्यांवर नाही. रेडिंगला त्या मे महिन्यात निवडणुकीची सुट्टी होती.

खड्ड्यांबद्दल एवढंच, की इथेही असतात. पुणेकरांनी हेवा करू नये. तक्रार ऑनलाइन करायची, मग माणूस येऊन खोली मोजतो. बऱ्याच काउन्सिलांत 40 मिलिमीटरपेक्षा उथळ असेल तर तो खड्डा नाही. पात्र ठरला तर त्याच्याभोवती रंगाची चौकट आखून जातात, आणि मग ती चौकट काही दिवस खड्ड्याची शोभा वाढवत राहते.

आता पैशाकडे. काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल वसंत ऋतूत येतं. घराची श्रेणी ए ते एच, आणि ती ठरते घराच्या 1 एप्रिल 1991 च्या किमतीवर. 2015 ला बांधलेल्या घराचीसुद्धा '1991 मध्ये असतं तर किती किंमत असती' हे काढतात. कुठल्याच सरकारनं नव्यानं मूल्यांकन करायची हिंमत केलेली नाही, कारण ज्यांचा कर वाढेल ते सगळे मतदार. तर या बिलावर 'ॲडल्ट सोशल केअर' अशी एक वेगळी ओळ असते. म्हातारी, अपंग, स्वतःचं स्वतःला करता न येणारी माणसं, त्यांच्या देखभालीचा खर्च. जनमत न घेता काउन्सिलला कर वर्षाला 4.99 टक्क्यांपर्यंत वाढवता आला, त्यातले 2 टक्के या ओळीसाठी. शिवाय निराधार मुलं, विशेष गरजा असलेली मुलं आणि त्यांना शाळेत नेणाऱ्या टॅक्सी. अशी जबाबदारी असलेल्या काउन्सिलांचा सगळ्यात मोठा खर्च देखभालीवरच होतो. डबे आणि डांबर त्यापुढे चिल्लर.

आणि दारात आलेल्या माणसाला याबद्दल कोणी काही विचारत नाही. का विचारत नाही, ते मला आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. आमच्याकडे गाडी लावायला परमिट लागतं, आणि परमिटची जागा हा इथला बांधाचा वाद. एक लहान पांढरी गाडी रोज सकाळी सातच्या सुमारास परमिटच्या जागेत उभी राहायची. फोटो आले, नंबर आला, 'नगरसेवकांना कळवा' असा आग्रह सुरू झाला. दोन दिवस चर्चा पेटली होती. शेवटी कोपऱ्यावरच्या घरातल्या गृहस्थांनी लिहिलं, ती माझ्या आईला अंघोळ घालायला येणाऱ्या केअररची गाडी आहे. अर्धा तास थांबते, पुढे तिला आणखी घरं आहेत. ग्रुप गप्प. नंतर एकानं पांढरं हृदय टाकलं. ती केअरर केरळची आहे, मी नंतर एकदा तिच्याशी बोलले. मल्याळी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत हसते. पावसात गाडी कुठे लावू ही तिची रोजची काळजी. गल्लीतला करातला सगळ्यात मोठा खर्च असा रोज आमच्यासमोर उभा राहत होता, आणि आम्हाला दिसली ती पार्किंगची जागा.

याची चर्चा होते ती काउन्सिलचं दिवाळं निघालं की. शेजारच्या स्लावनं जुलै 2021 मध्ये हात वर केले, बर्मिंगहॅमनं सप्टेंबर 2023 मध्ये. बर्मिंगहॅममध्ये पुढच्या वर्षी कर 9.99 टक्क्यांनी वाढला. कारणं अनेक होती, चुकीची गुंतवणूक, समान वेतनाची थकलेली देणी. पण एकदा हात वर केले की ग्रंथालयं, बागा, युवक केंद्रं, म्हणजे मतदाराला दिसणारं तेवढं सगळं आधी कापलं जातं. देखभाल कायद्यानं बंधनकारक, ती तोडता येत नाही.

आपल्या मराठी मंडळींचा मुद्दा यातला एकही नाही. आपला मुद्दा इलेव्हन प्लस, म्हणजे ग्रामर स्कूल या निवडक शाळांची प्रवेश परीक्षा. रेडिंगात मुलग्यांची रेडिंग स्कूल आणि मुलींची केन्ड्रिक, दोन्ही सरकारी खर्चानं चालणाऱ्या, दोन्हींना प्रवेश परीक्षा, दोन्हींसाठी चौथीपासून क्लास. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत फक्त हाच विषय: प्रवेशाची हद्द बदलणार का, कटऑफ किती जाईल, घर कुठे घ्यावं. गेल्या निवडणुकीच्या आधी आमच्याकडे जेवायला आलेले एक कोल्हापूरचे स्नेही तावातावानं म्हणाले, यावेळी उमेदवाराला विचारतोच, ग्रामर स्कूलच्या जागा का वाढवत नाही. नवऱ्यानं त्यांना समजावलं की या शाळा अकादमी आहेत, प्रवेशाचे नियम शाळाच ठरवते, काउन्सिलचा त्यात हात नाही.

"मग मत कशाला देऊ?" ते म्हणाले.

त्यांची बायको भाकरी वाढत होती. "काच घरून नेणार का, ते विचारा," ती म्हणाली. "पिशवी मला उचलावी लागते."