लीड, बोल्डर, स्पीड : आमच्या बॅचच्या फिटनेस टेस्टचा पावसाळी अपडेट

बाहेरचा कातळ अजून ओलाच आहे, त्यामुळे जूनपासून क्लायंबिंगचा सगळा वेळ कृत्रिम वॉलवरच चाललाय. पुण्यात शनिवार-रविवार आम्ही तिघेचौघे जुने क्लायंबर मिळून पोरांची एक बॅच बघतो, १२ ते १७ वयाची, त्यातली काही झोनल (विभागीय) स्पर्धांना उतरतात, लीड (दोर लावून जमेल तेवढं उंच चढायचं), बोल्डर (दोराशिवाय छोट्या भिंतीवरच्या अवघड चाली) किंवा स्पीड (ठरलेल्या मार्गावर वेगाची शर्यत). या पावसाळ्यात ठरवलं की दर महिन्याला सगळ्यांची फिटनेस टेस्ट घ्यायची, बोटांनी धरायची तीच कड, तीच वेळ, तोच वॉर्मअप. आता जरा चित्र दिसायला लागलंय म्हणून लिहितोय, लांबलचक होईल.

आधी टेस्ट. वॉलवर नवीन पालक आले की पहिला प्रश्न ठरलेला, पुलअप्स किती मारतो? म्हणून पुलअप्स ठेवले, पण यादीत शेवटी. पहिली टेस्ट बोटांची, २० मिमीची लाकडी कड, हाफ क्रिम्प (बोटं मधल्या सांध्यात काटकोनात वाकवून पकड), पोरगं वजनकाट्यावर उभं राहून हळूहळू कडेवर भार टाकतं आणि काटा जेवढा खाली येईल तेवढा बोटांचा जोर, त्याला शरीराच्या वजनाने भागायचं. कंबरेला वजन बांधून लटकायला लावण्यापेक्षा मला हे लहान पोरांसाठी कितीतरी बरं वाटतं, दुखलं की त्या क्षणी सोडता येतं. मग रिपीटर्स, ७ सेकंद धरायचं ३ सेकंद सोडायचं, हात सुटेपर्यंत. मग पॉवर स्लॅप म्हणजे होल्डला (भिंतीवरच्या पकडीला) लटकून एका झटक्यात वर खेचून बोर्डावर जमेल तेवढ्या उंच थाप मारायची, आणि उभ्या जागेवरून लांब उडी. सोबत उंची, बसून उंची, वजन.

सगळ्यात स्पष्ट फरक स्पीडवाल्या पोरांचा. लांब उडीत आणि पॉवर स्लॅपमध्ये तेच पुढे, बोटांच्या टेस्टमध्ये मात्र बऱ्याच वेळा मधल्या फळीत. आश्चर्य वाटायचं कारण नाही, १५ मीटरची भिंत, ५ अंश ओव्हरहँग (पुढे झुकलेली), हाताचे २० होल्ड आणि पायाचे ११, जगात कुठेही गेलात तरी हाच रूट, आणि हाताचे होल्ड एवढे मोठे की बोटांची परीक्षा तिथे होतच नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सॅम वॉटसनने ४.७४ सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड केला तेव्हा तो १८ वर्षांचा होता (आणि तरी ब्राँझच मिळालं, गोल्ड वेद्रिक लिओनार्डोने फायनलमध्ये ४.७५ मारून नेलं), मुलींमध्ये अलेक्झांड्रा मिरोस्लाव ६.०६. पाच-सहा सेकंदांचं काम म्हणजे स्नायूत आधीच साठलेली ऊर्जा, पंप (फोरआर्म फुगून पकड सुटायला लागणं) यायला वेळच नाही. पायांचा धक्का, स्टार्टचं रिअ‍ॅक्शन आणि तोच रूट इतक्या वेळा केलेला की हातपाय न विचारता चालतात. ०.१ सेकंदाच्या आत हललात तर फॉल्स स्टार्ट, खेळ संपला. म्हणून या पोरांना आता जास्तीचं हँगबोर्ड (बोटांवर लटकायची फळी) बंद करून स्क्वॉट, बॉक्स जंप आणि स्टार्टचा सराव दिलाय, आणि दोन जणींची वरच्या अर्ध्या रूटमधली लय लगेच सुधारली.

लीडचं गणित वेगळंच. सहा मिनिटं, एकच प्रयत्न, जेवढं वर तेवढे मार्क. पकडीचा जोर जसा वाढतो तसा फोरआर्ममधला रक्तपुरवठा दबत जातो, सोडलं की पुन्हा रक्त येतं, आणि लीड म्हणजे हीच धरसोड सहा मिनिटं. आमच्याकडे दोन मुली आहेत, वजनाच्या मानाने बोटांचा जोर जवळपास सारखा, पण रिपीटर्समध्ये एक दुसरीपेक्षा कितीतरी जास्त टिकते आणि वॉलवरही तीच दोन-तीन क्लिप (दोर अडकवायच्या जागा) वर पोचते. दुसरीला सगळे म्हणत होते मन लाव, घाबरू नकोस. मनाचा प्रश्नच नव्हता तिचा, तिला तीन सेकंदांत रिकव्हरी होत नव्हती. आता ती आठवड्यातून दोनदा सोप्या रूटवर, पंप येऊ न देता, सलग वीस-वीस मिनिटं चढते. कंटाळवाणं काम आहे पण ती करतेय, आणि मागच्या टेस्टमध्ये फरक दिसला. फार आनंद झाला.

बोल्डरवर थोडक्यातच लिहितो, कारण आमच्या टेस्ट तिथे कमी पडतात. जोर लागतोच, तोही झटक्यात, पण हल्लीचे प्रॉब्लेम (बोल्डरचे छोटे रूट) म्हणजे दोन पावलं धावायचं, उडी मारायची, व्हॉल्यूमवर (भिंतीवर बसवलेल्या मोठ्या उंचवट्यावर) पाय टेकवून तिसरीकडे हात, हे कुठल्या लाकडी कडेवर मोजणार? बॅचमधला सगळ्यात चांगला बोल्डरर आमच्या एकाही टेस्टमध्ये पहिला नाही. हिप्स मोकळे, खांदे मजबूत, आणि चार मिनिटांत चुकीचा बीटा (चालींचा ठरवलेला क्रम) टाकून द्यायची हिंमत.

आता पालक विचारतात तो मोठा प्रश्न, कुठला प्रकार निवडायचा. टोकियोला तिन्ही प्रकार एकत्र होते, पॅरिसला स्पीड वेगळं झालं, लॉस एंजेलिस २०२८ ला तिन्हींची वेगळी मेडल्स, त्यामुळे बाराव्या वर्षीच 'याला स्पीडलाच टाकूया' सुरू झालंय. माझं स्पष्ट मत, पंधरा-सोळापर्यंत सगळं करू द्या. टोकियोला अल्बेर्तो हिनेस लोपेस १८ व्या वर्षी गोल्ड घेऊन गेला, मूळचा लीडवाला पण फायनलमध्ये पहिला आला तो स्पीडमध्ये. स्पीडमध्ये सुरुवातीचा एक होल्ड गाळायची जी युक्ती आज सगळे वापरतात ती आणली तोमोआ नारासाकीने, म्हणजे बोल्डरवाल्याने. पॅरिसच्या बोल्डर-लीडमध्ये गोल्ड १९ वर्षांच्या टोबी रॉबर्ट्सला, सिल्व्हर १७ वर्षांच्या सोराटो अनराकूला. एकांगी तयार झालेली पोरं नाहीत ही.

आणि ज्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप केला ते म्हणजे वाढ. बसून उंची वगैरे मोजताना पोरं कंटाळतात पण सगळ्यात उपयोगी आकडा तोच निघाला. एक मुलगा या चार महिन्यांत झपाट्याने उंच झाला आणि त्याचा वजनाच्या मानाने बोटांचा जोर खाली आला, पुलअप्स कमी झाले, तो पार हिरमुसला. तक्ता समोर ठेवून दाखवलं त्याला, तुझा जोर किलोमध्ये तेवढाच आहे, कमी झालेला नाही, वजन वाढलंय आणि हात लांब झालेत, सहा महिने दे. हे दाखवता आलं नसतं तर त्याने दुप्पट हँगबोर्ड केलं असतं, आणि याच वयात ते सगळ्यात धोक्याचं. हाडाच्या टोकाशी वाढीची जी पट्टी असते ती या काळात कच्ची असते, क्रिम्पमध्ये सगळा भार बोटाच्या मधल्या सांध्यावर येतो आणि तिथे फ्रॅक्चर होतं, बहुतेक वेळा मधल्या बोटाला. मोठ्यांची पुली (बोटातली कंडरा हाडाशी धरून ठेवणारी पट्टी) जाते, पोरांचं हाड जातं. ओळखायची खूण म्हणजे मधल्या सांध्याच्या वरच्या बाजूला, नखाच्या बाजूने, हळूहळू वाढणारं दुखणं, 'टक' असा आवाज वगैरे काही नाही. आमच्या एका चौदा वर्षांच्या मुलाने जुलैमध्ये अशी तक्रार केली, त्याच दिवशी क्रिम्प बंद, एक्स-रे, आणि तेच निघालं. लवकर सापडलं म्हणून नीट भरून येतंय, सध्या डॉक्टरांच्या परवानगीने तो फक्त स्लॅबवर (मागे कललेल्या भिंतीवर) मोठ्या होल्डवर चढतो. त्यामुळे नियम केलाय, उंची झपाट्याने वाढत असेल तर कॅम्पस बोर्ड (पाय न लावता नुसत्या हातांनी चढायची पट्ट्यांची फळी) पूर्ण बंद, फुल क्रिम्प (बोटं पूर्ण वाकवून वरून अंगठा दाबलेली पकड) बंद, ओपन हँडच (बोटं जवळपास सरळ). जर्मन क्लायंबर व्होल्फगांग ग्युलिशने १९८८ मध्ये न्युरेम्बर्गला कॅम्पस बोर्ड बनवला तो स्वतःसाठी, पूर्ण वाढलेल्या माणसासाठी, आठवीतल्या पोरासाठी नाही.

वजनाचा आकडा आम्ही पोरांना सांगत नाही. जोर भागिले वजन हे गणित पोरांना लगेच कळतं आणि मग डबा कमी व्हायला लागतो, एका मुलीचं तसं सुरू झालं होतं, तिच्या आईशी बोललो, आता ठीक आहे. ऑलिम्पिक चॅम्पियन क्लायंबर यान्या गार्नब्रेट एवढी वर असूनही या विषयावर जाहीरपणे बोलली, आपल्याकडे मात्र अजूनही 'हलका झालास, भारी चढतोयस' असं सर्रास म्हणतात. प्लीज नका म्हणू. मुलींची पाळी थांबणं, सारखी आजारपणं, थकवा, हे दिसलं की ट्रेनिंग आधी बंद.

पुढे : ऑक्टोबरपासून लीडवाल्यांना बोल्डरचा एक दिवस आणि स्पीडवाल्यांना लीडचा एक दिवस सक्तीचा. लांब उडीसोबत उभी उडीही मोजणार. मुंबई-नाशिकच्या बॅचवाल्यांनो, तुम्ही २० मिमीची कड वापरता की १५, आणि काटा डिजिटल की साधा, तेवढं सांगा, पद्धत एक असली तर आकडे शेजारी ठेवून बघता येतील. आणि १३-१४ वयाच्या मुलींचे रिपीटर्स कुणी घेत असेल तर जरूर पाठवा, आमच्याकडे त्या वयाच्या फार कमी आहेत.