त्यांचं दळण का घेते, हे विचारता म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. विचारणारे दोन तऱ्हेचे आहेत. भावकीतले विचारतात, "लोकसभेच्या निकालानंतर त्या दुसऱ्या समाजाच्या लोकांनी तुझ्या गिरणीकडं पाठ फिरवली होती, तरी तू त्यांचं दळण का घेतेस? आणि ग्रामसभेत त्यांच्या बायकांजवळ जाऊन का बसतेस?" पुण्याचा भाचा आणि त्याचे मित्र विचारतात, "आत्या, बीडमध्ये तुम्ही अजून एका गावात राहता तरी कसे?" भावकीला वाटतं मी मऊ पडले. भाच्याला वाटतं आम्ही सगळेच बिघडलोय. दोघांनाही आजवर तुटक उत्तरं देत आले, कारण गिरणी चालू असताना लांबलचक बोलता येत नाही. आज सगळं सांगते.

माझी जात इथं लिहिणार नाही. आमच्या जिल्ह्यात २०२५ मध्ये पोलिसांच्या टेबलावरच्या आणि छातीवरच्या पाट्यांवरून आडनावं काढावी लागली, नुसती नावं ठेवली. पोलिसांना ते करावं लागतं, तर गिरणीवाल्या बाईनं आडनाव का सांगावं? मत कुणाला दिलं तेही सांगणार नाही.

पण खरी मेख तिथंच आहे. मत गुप्त असतं असं आपण म्हणतो. माझं एकटीचं असेलही, गल्लीचं नसतं. मतपत्रिका होत्या तेव्हा पुष्कळ ठिकाणी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळत आणि मग मोजत. आता यंत्रागणिक आकडा निघतो. आमच्या गावात दोन केंद्रं आहेत आणि ती अशी वाटली गेलीत की एकात बहुतेक एक समाज, दुसऱ्यात बहुतेक दुसरा. लोकसभेचा निकाल लागला ४ जून २०२४ ला. ६,५५३ मतांचा फरक, मोजणी रात्री उशिरापर्यंत चाललेली. आमच्या दोन्ही केंद्रांचे आकडे लगेचच सगळ्यांच्या मोबाइलवर होते. मग सुरू झालं ते मोजणीपेक्षा वाईट. आपल्या केंद्रात 'त्यांना' इतकी मतं पडलीच कशी, कुणाच्या घरातून पडली, कोण फितूर. जिंकलेल्यांनी फटाके फोडले ते हरलेल्यांच्या दारापुढं. हरलेल्यांपैकी जिल्ह्यात काही पोरांनी निकालाच्या दुःखात जीव दिला. ज्यांनी ते घर पाहिलंय त्यांना मी 'राजकारण सोडून द्या' असं म्हणू शकत नाही. तसं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि मग तो मेसेज आला. आवाजातला, नाव नसलेला. आपल्याच माणसाच्या दुकानातून माल घ्या, आपल्याच माणसाच्या हॉटेलात चहा प्या, 'त्यांच्या' दारात पाय ठेवू नका. आधी एका बाजूचा, दोन दिवसांत दुसऱ्या बाजूचाही. कोण आधी, कोण नंतर, यावर गावात अजून भांडण होतं. मी त्यात पडत नाही, कारण माझ्या ओट्यावरचे डबे दोन्ही मेसेजनंतर कमी झाले. दुसऱ्या बाजूचे आले नाहीत म्हणून, आणि आपल्या बाजूचे काही जण मी 'त्यांचं' घेते म्हणून आले नाहीत.

गिरणी म्हणजे काय ते शहरातल्या लोकांना सांगावं लागेल. गावात कुणाकडं कोण जेवायला आलंय, कुणाची सून बाळंतपणाला माहेरी गेलीय, कुणाच्या घरी ज्वारी संपून रेशनच्या गव्हावर आलंय, हे सगळं मला डब्यावरून कळतं. डब्यावर नाव नसलं तरी चालतं. तेलाच्या डब्याला कापून कडी लावलेला एक, झाकणाऐवजी ताटली ठेवलेला एक, आणि निळ्या रंगाचा, काठ चेपलेला, माझ्या मैत्रिणीचा. तिला मी अक्का म्हणते. ती माझ्याहून थोडी मोठी, एकाच वर्षी दोघी लग्न होऊन या गावात आलो. माझ्या धाकट्याच्या वेळी दवाखान्यात ती होती, माझी जाऊ नव्हती. दोन महिने तो निळा डबा आला नाही. तिचा मुलगा मोटारसायकलवर दळण शेजारच्या गावी नेत होता.

जुलैच्या शेवटी एक दिवस ती स्वतः आली. शेजारच्या गावी लाइटचा घोळ होता, थ्री फेज नव्हती म्हणे. कमरेवर डबा घेऊन ती रस्त्याच्या पलीकडं थांबली. पाराजवळ तिच्या भावकीतली दोन पोरं बसलेली. मी पट्टा सोडून दारात आले आणि म्हटलं, "अक्का, आण इकडं, पाळी नाही कुणाची." ती पोरांकडं बघत नव्हती, माझ्याकडंही बघत नव्हती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आम्हाला नको तुमच्या गिरणीचं दळण." आणि आली तशी गेली, पलीकडच्या गावाला, पायी. पावसाचे दिवस, रस्त्याला चिखल, डोक्यावर ज्वारीचा डबा, गुडघ्याचं दुखणं. ती गेली त्या दिशेला मी बराच वेळ बघत उभी राहिले आणि आत गिरणी मोकळी फिरत होती. नवरा ओरडला तेव्हा भानावर आले.

'तुमच्या' हा शब्द मला लागला. आजही लागतो. माणसं समजावतात, "ती घाबरली होती, पोरांपुढं तसं बोलावं लागलं." असेलही. मी तिच्या जागी असते तर? हे मी स्वतःला शंभरदा विचारलंय. कधी वाटतं, मीही तेच केलं असतं. कधी वाटतं, नाही, मी निदान हळू बोलले असते. घाबरलेल्या माणसाला राग माफ असतो, पण आवाज एवढा चढवायची गरज काय होती? हे लिहिताना पण हात थरथरतो आणि मला ते लपवायचं नाही.

त्या रात्री मी कागद घेतला आणि तक्रार लिहिली. बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आपल्याकडं आहे हे मला माहीत होतं. केजच्या एका वकिलांनी सांगितलं की तो मुख्यतः जातपंचायतीनं आपल्याच माणसाला वाळीत टाकलं तर आहे. दोन समाजांत तेढ लावणारा मेसेज असेल तर कलम वेगळं. मेसेज जूनमधला, म्हणजे तेव्हाचं भारतीय दंड विधान, १५३-अ. १ जुलैनंतरचा असता तर त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं १९६. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. "नावं द्या," ते म्हणाले. नावं मला माहीत होती. एका बाजूचा आवाज ओळखीचा होता, दुसऱ्या बाजूचा तर आमच्याच भावकीतला. आणि मेसेज पुढं पाठवणाऱ्यांत अक्काचा मुलगा होता.

तो कागद मी दिला नाही. भावकी म्हणते, दिला असतास तर धाक बसला असता. भाचा म्हणतो, "आत्या, कायदा असून वापरत नाही आणि मग म्हणता बदल होत नाही." त्याचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडं काही नाही. मला एवढंच दिसत होतं की १५३-अ मध्ये अक्काचा मुलगा गेला असता, तर निळा डबा माझ्या ओट्यावर या जन्मात आला नसता, आणि आवाज देणारा खरा माणूस जामिनावर चार दिवसांत पारावर असता. पण दुसऱ्या एखाद्या गावात, दुसऱ्या एखाद्या बाईनं ती तक्रार दिली असेल, तर ती चुकली असं मी म्हणणार नाही. कदाचित तीच बरोबर असेल.

आता ग्रामसभेचं. १५ ऑगस्ट २०२४ ची सभा शाळेच्या पटांगणात झेंडावंदनानंतर होती. घरकुलाची यादी वाचायला लागले आणि आडनावांवरून कुजबुज सुरू झाली. अमक्यांचीच नावं वर का? एका गटानं सभात्याग केला, घोषणा देत निघून गेले. त्यांना वाटलं जिंकलो. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. तेवढी माणसं उरली नाहीत, सभा तहकूब झाली.

पुढं काय होतं ते तुमच्यातल्या कितीजणांना माहीत आहे? तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. जे हजर असतील ते ठराव करतात. आठवड्यानं ती सभा झाली, पाच-पंचवीस माणसं होती, घरकुलाची यादी आणि गावच्या कामांचा आराखडा दोन्ही मंजूर. त्यांत दोन्ही समाजांतले ठेकेदार शेजारी शेजारी बसलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्यांचा बहिष्कार नव्हता. गल्लीतल्या बाईनं ज्वारी पायी वाहायची आणि यांनी पाइपलाइनचं काम वाटून घ्यायचं. हे पाहिलं त्या दिवसापासून मी एकही सभा चुकवली नाही. भावकीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. मी तिथं एकोप्यासाठी जात नाही. मी उठून गेले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा कुणाची असते ते मला कळलंय.

आधीची मी असते तर हसले असते. पंचवीस वर्षं मी म्हणत आले की ग्रामसभा ही पुरुषांनी सह्या करायची जागा. महिला ग्रामसभा तर आमच्याकडं फक्त कागदावर व्हायची, अंगणवाडीत फिरून अंगठे गोळा करायचे की झाली. मुख्य सभेच्या आधी ती घ्यायलाच हवी असा कायदा आहे. आम्ही काही जणींनी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी मागितलं की नोटीस काढा, दवंडी द्या, खरी सभा घ्या. २ ऑक्टोबरच्या आधी ती झाली. समाजमंदिरात बायका आल्या आणि मधे माणूस जाईल एवढी जागा सोडून दोन बाजूंना बसल्या. कुणी कुणाशी बोललं नाही. पण नळाचं पाणी दोन्ही गल्ल्यांत सारखंच चार दिवसांआड येत होतं. पंधराव्या वित्त आयोगाचा म्हणून केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, असा तेव्हा नियम होता, तो मी वाचून दाखवला. मग त्या बाजूनं प्रश्न आला, "मग आमच्या वस्तीपर्यंत पाइप का नाही?" विचारणारी अक्का होती. माझ्याकडं न बघता विचारत होती. मी "ठरावात लिहा" म्हटलं आणि तिच्या वस्तीचं नाव आधी लिहायला सांगितलं. ठराव झाला. माझ्या बाजूच्या बायका घरी जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत.

हे ऐकून भाचा खूश होतो, म्हणतो, "बघ, जमलं की." नाही जमलं. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं आणि कारखान्यांचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतलेली ऊसतोडीची कुटुंबं निघून गेली. त्या सभेला आलेल्या निम्म्या बायका कर्नाटकात आणि सांगलीकडं फडात होत्या. आणि ९ डिसेंबरला मस्साजोगच्या सरपंचांचा, संतोष देशमुखांचा, खून झाला. खंडणीच्या आड आले म्हणून मारलं, असा आरोप आहे. पण आमच्याकडं त्याचंही पहिलं मोजमाप आडनावानंच झालं. ज्या बायका एकमेकींना मान हलवायला लागल्या होत्या, त्याही थांबल्या. समाजमंदिर जानेवारीत पुन्हा रिकामं होतं.

पुण्याच्या पोरांनो, म्हणून तुमचा तो प्रश्न मला झोंबतो. एकोपा हे काही सणासारखं एक दिवस करायचं काम नाही. आम्ही एका गावात राहतो कारण जमीन इथं आहे, विहीर इथं आहे, आणि दुसरीकडं जायची ऐपत नाही. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही आणि कीव करण्यासारखंही नाही. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर तुमच्या मोबाइलवर तो मेसेज आला तेव्हा तुमच्यातल्या कुणी तो पुढं पाठवला, ते आधी एकमेकांना विचारा. कारण तो आवाज गावातून निघाला असला तरी माझ्यापर्यंत पुण्याच्या नंबरवरून आला होता.

आणि दळण का घेते? पहिल्यांदा घेतलं तेव्हा पैशासाठीच घेतलं. गिरणीचं वीजबिल भरायचं होतं. डब्यात ज्वारी असते, ती दळायची, पैसे घ्यायचे. यापेक्षा मोठं कारण मी नंतर जोडलं, हे मला मान्य आहे. पण आता ते कारणही खरं झालंय. माझ्या दारात डबा ठेवायला कुणाला भीती वाटली तर पुढच्या वेळी सभेत हात वर करायलाही वाटेल, असं मला दिसतं. निळा डबा आता येतो. अक्का स्वतः येत नाही, नातीला पाठवते. आम्ही दोघी अजून धड बोललेलो नाही. 'तुमच्या' म्हणाली होती त्याबद्दल ती काही बोलली नाही, मी विचारलं नाही. विचारावं की नाही, हे ठरत नाही.

वस्तीचा पाइप शाळेपर्यंत येऊन थांबलाय. त्याचं अंदाजपत्रक मी सभेत मागितलं, मिळालं नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकला, त्याचं उत्तर अर्धवट आलं. पुढच्या सभेत परत मागणार आहे. एकटीनं मागितलं तर 'पुढच्या वेळी बघू' म्हणतात, हे आता पाठ झालंय. त्या बाजूच्या दोघी-तिघी माझ्याबरोबर उठून उभ्या राहिल्या तर कागद द्यावाच लागेल. म्हणून सभेच्या दिवशी मी पुन्हा त्यांच्याजवळ जाऊन बसणार आहे. भावकीनं हवं तर परत विचारावं.