कंटेसाच्या एसीची कामनोंद: आर-१२ वरून आर-१३४ए

गाडी कंटेसा क्लासिक, १.८ लिटरचं इसुझू पेट्रोल इंजिन. ५०८ जातीचा पाच पिस्टनचा कॉम्प्रेसर, कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली, गॅस मूळचा आर-१२; तो बदलून नवा आर-१३४ए भरायचा होता. मुक्काम छत्रपती संभाजीनगर. काम उन्हाळ्यात केलं. एसी जमला की नाही हे मे महिन्यात दुपारी तीन वाजताच कळतं. डिसेंबरात सगळेच एसी थंड करतात.

उघडण्याआधीची स्थिती अशी होती. मॅग्नेट क्लचच्या (कॉम्प्रेसर पट्ट्याला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या) कॉइलचा रेझिस्टन्स ३.२ ओहम, म्हणजे १२ व्होल्टला पावणेचार अँपिअर, ठीक. क्लचची फट ०.७ मिमी. ०.४ ते ०.८ चालते, तीही ठीक. गेज लावल्यावर दोन्ही बाजू (कमी दाबाची लो साइड आणि जास्त दाबाची हाय साइड) शून्य, म्हणजे आत गॅसच नव्हता, त्यामुळे रिकव्हरीचा प्रश्न आला नाही. तुमच्या गाडीत थोडा जरी आर-१२ शिल्लक असेल तर तो रिकव्हरी मशीननेच काढून घ्या, हवेत सोडू नका. मॉन्ट्रियल कराराखाली भारतात नव्या उपकरणांत सीएफसी (आर-१२ याच जातीचा) वापरायला १ जानेवारी २००३ पासून बंदी आली आणि २०१० मध्ये हा गॅस बाजारातून हद्दपार झाला. आज कोणी ‘ओरिजिनल आर-१२’ म्हणून सिलिंडर दाखवला तर आत नेमकं काय आहे, हा पहिला प्रश्न.

कॉम्प्रेसर उतरवून तेल काढलं तर ७० मिली निघालं. काळपट होतं, पण बोटांत चोळल्यावर चुरा लागला नाही. हे बघणं फार महत्त्वाचं. तेलात चकाकणारी कणी किंवा काळी पेस्ट सापडली तर कॉम्प्रेसर आतून घासलाय. मग कंडेन्सर (रेडिएटरपुढचा, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) धुऊन भागत नाही, बदलावाच लागतो. इथे शाफ्टच्या सीलमधून तेल फेकलं गेलं होतं (क्लचच्या मागे तेलकट धुळीचं कडं हीच त्याची खूण), म्हणून कॉम्प्रेसर तोच ठेवून सील किट नवं टाकलं. सील पूर्ण गेलं असेल आणि बेअरिंगही घरघरत असेल, तर ५एच१४ घ्यावा. तो आर-१३४एसाठीच बनलेला असून दर फेऱ्याला १३८ सीसी, म्हणजे ५०८ इतकाच, गॅस ढकलतो.

आता मुख्य मुद्दा. गॅस बदलला की एसी कमी पडतो, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि दोष गॅसवर ढकलला जातो. आकडे बघा. शून्य अंश तापमानाला आर-१२ चा दाब साधारण ३० पीएसआय (पुढचे दाबही याच मापात), आर-१३४एचा २८. इथे फरक नाहीच म्हणा. ६० अंशांना आर-१२ चा २०६ आणि आर-१३४एचा २२९. ७० अंशांना हेच २५८ आणि २९२. म्हणजे थंड बाजूला दोघे भाऊभाऊ, गरम बाजूला मात्र तापमान चढेल तसा नवा गॅस जास्त दाब मागतो. कंडेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंश वर चालतो. बाहेर २८ असेल तर तो ४८ वर राहतो आणि काहीच जाणवत नाही. आपल्याकडे बाहेर ४२, बोनेटच्या तोंडाशी डांबराचा ताव धरून ४६-४७, मग हिशोब आपोआप ६५ च्या पुढे जातो. त्यामुळे मराठवाड्यात या कामाचे निम्मे पैसे कंडेन्सर आणि पंख्यावर घालावेत, गॅस शेवटी.

जुना कंडेन्सर एकाच नळीची वळणं असलेला. काढला तेव्हा त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये कापसाच्या तुसाची गादी बसलेली होती. जालना-परभणीकडे जिनिंगच्या हंगामात कापसाच्या गाड्यांमागे फिरलेल्या प्रत्येक गाडीत ही गादी सापडेल. पुढून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून कोणी बघत नाही. त्या जागी २२ बाय १४ इंचाचा पॅरलल फ्लो कंडेन्सर बसवला. यात गॅस एकाच वेळी अनेक बारीक नळ्यांतून जातो, त्यामुळे तेवढ्याच जागेत उष्णता जास्त निघते. गरम गॅस वरच्या तोंडाला, द्रव खालच्या तोंडातून. उलटं जोडलं तर द्रव आत साचून हाय साइड चढते. रेडिएटरपासून अंतर २० मिमी ठेवलं आणि चारही कडांना रबरी पट्टी लावून फट बंद केली. ही पट्टी बहुतेक जण सोडतात. हवा सोपी वाट शोधते, कडेने निसटते आणि महागडा कंडेन्सर कोरडाच राहतो.

इंजिनचा पंखा आयडलला पुरत नाही. म्हणून कंडेन्सरच्या पुढे १२ इंची ढकलणारा पंखा लावला: ३० अँपिअरचा रिले, २० अँपिअरचा फ्यूज, ४ चौरस मिमी वायर, रिलेचा ट्रिगर क्लचच्या वायरवरून. पंख्याची दिशा कागदाचा तुकडा धरून तपासा. प्लस-मायनस उलटं झालं तर तो समोरच्या हवेविरुद्ध भांडत बसतो आणि गाडी ६० च्या वर गेली की कूलिंग कमी होतं. ब्लोअर, क्लच, पंखा आणि हेडलाइट चालू ठेवून आयडलला बॅटरीवर १३.२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. कमी पडले तर आधी अल्टरनेटर बघा.

नळ्या. जुन्या रबरी नळ्या आर-१२ ला पुरत होत्या, पण आर-१३४एचा रेणू लहान असल्यामुळे तो रबरातून झिरपतो. उन्हात तर जास्तच. तिन्ही नळ्या बॅरिअर होजच्या (आत गॅस अडवणारा थर असलेल्या) केल्या: ड्रायरकडची (ड्रायर म्हणजे गॅसमधली ओल टिपणारी बाटली) ६ नंबर, कॉम्प्रेसरमधून निघणारी ८ नंबर, परतीची १० नंबर. जुनी तोंडं कापून नव्या होजवर क्रिंप करून घेतली. क्रिंप करणाऱ्याला बॅरिअर होजचीच फेरूल (दाबून बसवायची धातूची कडी) वापरायला सांगा, साधी दाबली तर महिन्याभरात तेल सुटतं. ओ-रिंगा (जोडांतल्या गोल रबरी कड्या) सगळ्या एचएनबीआरच्या, म्हणजे नव्या गॅसला चालणाऱ्या रबराच्या. दुकानात हिरव्या रंगावरून देतात, पण रंग ही खात्री नव्हे. बसवताना कॉम्प्रेसरच्या तेलाचं बोट लावायचं आणि नट घट्ट करताना दोन पाने वापरायचे, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. एका पान्याने अ‍ॅल्युमिनिअमची नळी पिळवटते.

ड्रायर नवाच. आर-१२ च्या ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे (एक्सएच-५) आर-१३४ए आणि नव्या तेलात टिकत नाहीत. एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ वाला मागा. त्याची टोपणं सगळ्यात शेवटी, व्हॅक्यूम पंप जोडायच्या पाच मिनिटं आधी काढायची. त्याच्यावर दुहेरी प्रेशर स्विच बसवला, गॅस संपत आला किंवा दाब फार चढला तर क्लच सोडणारा. जुन्या गाडीत फक्त सुरक्षा व्हॉल्व्ह असतो आणि तो उडाला की सगळा गॅस जातो.

एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारा) दीड टनाचा, आर-१३४ए छापलेला. जुनाच ठेवूनही गाड्या चालतात, पण त्याचा सुपरहीट (कॉइलमधून निघताना गॅस किती जास्त तापलेला हवा तो आकडा) आर-१२ साठी लावलेला असतो.

धुलाईबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच घोटाळे होतात. आर-१२ सोबतचं खनिज तेल आर-१३४एमध्ये विरघळत नाही. ते कूलिंग कॉइलच्या तळाशी साचतं, जागा अडवतं आणि कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. म्हणून कॉइल आणि धातूच्या जुन्या नळ्या फ्लशिंगच्या द्रवाने उलट दिशेने धुतल्या, बाहेर येणारा द्रव स्वच्छ दिसेपर्यंत. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. त्याचा अंश आत राहतो आणि नवं तेल पातळ करतो. कॉम्प्रेसर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि रबरी नळ्या धुवायच्या नसतात. नंतर कोरडा नायट्रोजन फुंकून सुकवलं. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी असतं.

तेल एस्टर, १०० व्हिस्कॉसिटीचं. पॅग हे दुसरं कृत्रिम तेलही चांगलं असतं, पण जुन्या गॅसच्या क्लोरीनचे अंश त्याला मानवत नाहीत आणि ते हवेतली ओल भराभर ओढतं. थोडंफार खनिज तेल राहिलं तरी एस्टर सांभाळून घेतं. या गाडीत एकूण १८० मिली: कॉम्प्रेसरमध्ये ११०, कॉइलमध्ये ३०, कंडेन्सर आणि ड्रायरमध्ये २०-२०. भरल्यावर क्लचचा पुढचा भाग हाताने दहा-बारा फेरे फिरवायचा. नाहीतर सुरू करताना पिस्टनसमोर तेल अडकतं आणि रीड व्हॉल्व्ह (पिस्टनवरची पातळ पट्टी) वाकतो.

गळती बघायला नायट्रोजन २०० पीएसआयपर्यंत. रेग्युलेटर हवाच, कारण सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. संध्याकाळी ३८ अंशांना २०० वर ठेवलेला काटा पहाटे २६ अंशांना १९२ दाखवत होता. ही गळती नाही. हवा थंड झाली की दाब तेवढा उतरतोच, ऊन चढलं की काटा परत जागेवर येतो. इथे घाबरून सगळे जोड पुन्हा उघडू नका. साबणाच्या पाण्याने १० नंबरच्या एका जोडावर मात्र बारीक फेस आला. ओ-रिंग चिमटली होती, ती बदलली.

व्हॅक्यूमला एक स्थानिक गंमत आहे. पुस्तकात २९.९ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. संभाजीनगर साडेपाचशे मीटरहून उंच आहे, इथे चांगला पंपही गेजवर २८ इंचापुढे जात नाही. नांदेडला साडेअठ्ठावीसच्या आसपास मिळेल. पंप खराब आहे असं समजून बदलायला धावू नका. खरं मोजमाप आत उरलेला अगदी बारीक दाब दाखवणाऱ्या मायक्रॉन गेजचं. ५०० मायक्रॉनच्या खाली जाईपर्यंत पंप चालू ठेवला, तासभर लागला. मग बंद करून अर्धा तास. आकडा थोडा चढून थांबला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती.

गॅस घेताना सिलिंडर तपासा. सावलीत काही तास ठेवून ३० अंशांना आर-१३४एचा दाब ९७ च्या जवळ हवा. १५८ च्या आसपास दिसला तर आत आर-२२ (जुन्या घरगुती एसीचा गॅस) आहे, तो गाडीत घालणं म्हणजे नळ्या फोडून घेणं. पण ९७ आला म्हणून शुद्ध असं नाही. प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण याच दाबावर आणता येतं, आणि ते पेट घेतं. त्यामुळे पक्क्या बिलाचाच गॅस घ्यावा.

आर-१३४ए वजनाने कमी लागतो, आर-१२ च्या ८० ते ८५ टक्के. या गाडीची जुनी नोंद ९०० ग्रॅमची, म्हणजे ७२० ते ७६५. कंडेन्सर बदलल्यामुळे हाही अंदाजच. इंजिन बंद ठेवून, व्हॅक्यूम असताना हाय साइडने सुमारे ४०० ग्रॅम द्रव आत घेतला. मग हाय साइडचा व्हॉल्व्ह बंद, आणि तो बंदच. इंजिन चालू असताना तो उघडला तर उलटा दाब कॅनमध्ये जातो आणि कॅन फुटतो. उरलेला गॅस कॅन उभा धरून लो साइडने, वजनकाट्यावर वजन बघत, ३० ग्रॅमच्या टप्प्याने. ड्रायरवरच्या काचेत बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत भरायची सवय आर-१२ ची आहे. इथे काच स्वच्छ होईपर्यंत भरलं तर गॅस जास्त झालेला असतो. थांबायचं ते डॅशबोर्डच्या थंड हवेच्या जाळीवर लावलेल्या थर्मामीटरवर: पुढचे ३० ग्रॅम टाकूनही हवा थंड होत नसेल तर बस. इथे ७५० ग्रॅमवर थांबलो.

पहिली चाचणी, बाहेर ४१ अंश, आयडल: लो ४८, हाय २६०, जाळीतून १९ अंश. परतीची नळी कॉम्प्रेसरपर्यंत घामाने निथळत होती. एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा बल्ब नळीवर सैल बसला होता. नळी घासून चकचकीत केली, बल्ब घड्याळातल्या दहाच्या जागी घट्ट बांधला, वर इन्सुलेशन टेप. लो ३४ वर आलं, तरी जाळीतून १५ च. मग हीटरची नळी हाताने चाचपली तर ती गरम: हीटरचा कॉक पूर्ण बंद होत नव्हता आणि इंजिनचं पाणी थंड हवेला शेजारून तापवत होतं. कॉक बदलला. आता रिसर्क्युलेशनवर (गाडीतलीच हवा फिरवत ठेवून), १५०० आरपीएमला लो ३०, हाय २४५, जाळीतून ११ अंश. क्रांती चौकाच्या सिग्नलला दुपारी थांबल्यावर हाय २७० पर्यंत चढते आणि गाडी हलली की उतरते.

राहिलेलं काम: फायरवॉलमधल्या वायरींच्या भोकांना ग्रोमेट आणि पायाखाली इन्सुलेशन. थर्मोस्टॅटचा कट-ऑफ पावसाळ्यात पुन्हा तपासायचा आहे, कारण उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कॉइलवर बर्फ धरतोय की नाही हे कळतच नाही.